सहा तुकडे प्रवाळ आणि बाभुळगावचा उन्हाळा

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. ते घरातल्या जुन्या पिशव्यांसारखे साठत जातात. एक काढायला जावं तर तिच्या आतून चार निघतात. आमच्या प्राणिशास्त्र विभागातली जुनी माणसं कुठल्या लग्नात भेटली की कोणीतरी हळूच म्हणतंच, "सर, टाकी आठवते का?" झालं! घरची मंडळी जेवून हात धुवून येतात आणि आमचा वरण-भात तसाच.

ते दिवस कापसाचे वाईट होते. बोंडअळी, पडलेला भाव, पेपरात रोज यवतमाळचं नाव, आणि तेही कधी चांगल्या बातमीत नाही. वेचणीच्या दिवसांत वर्गातली निम्मी पोरं गायब असायची. हसायला कारण शोधावं लागायचं. आम्हाला ते बाभुळगावच्या कॉलेजात, एका काचेच्या टाकीत सापडलं. त्याबद्दल मी साळवी मॅडमचा आजही ऋणी आहे.

मॅडम मूळच्या रत्नागिरीच्या. पीएच.डी. प्रवाळावर. नवऱ्याची नोकरी यवतमाळला, म्हणून त्या आमच्याकडे विभागप्रमुख होऊन आल्या. निघताना त्यांच्या गाइडनी म्हटलं होतं, "आता तिकडे कापसावर काम करा!" ते त्यांना फार लागलं होतं. प्रवाळ दिसायला दगड, पण तो प्राणी. इवल्या इवल्या तोंडांची अख्खी वस्तीच. समुद्र तापला की ती वस्ती आजारी पडते. मॅडमचा प्रश्न साधा होता. प्रवाळाला आधी थोड्या गरम पाण्याची सवय लावली, तर पुढच्या मोठ्या तापात ते टिकतं का?

चार वर्षं अर्ज केल्यावर दक्षिणेतल्या एका संशोधन केंद्राने सहा तुकडे द्यायचं कबूल केलं. तिघांना सवय लावायची, तिघांना तसंच ठेवायचं आणि दोन उन्हाळे काढायचे. जगले तर काम पुढे चालू. मेले तर परवानगी रद्द, टाकी बंद, आणि गाइडसाहेबांचं म्हणणं खरं!

* * *

तुकडे आले ते डिसेंबरात, थर्माकोलच्या डब्यात, रेल्वेने धामणगावपर्यंत. आणायला मॅडम, गांडुळं शिकवणारा मी आणि आमचे लॅब अटेंडंट भगतभाऊ. भगतभाऊ म्हणजे पांढरा इस्त्रीचा शर्ट आणि खिशात दोन पेनं. विभागातली कुठली बाटली कुठे आहे, हे आम्हा प्राध्यापकांपेक्षा त्यांना जास्त माहीत.

धामणगावहून एसटीत बसलो. कंडक्टरने डब्याकडे बोट दाखवलं.

"डब्यात काय हाये?"

मी "सामान" म्हणणार, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "प्राणी आहेत." मॅडमना खोटं बोलता यायचं नाही. अर्धवट खरंसुद्धा बोलता यायचं नाही, हा त्यातला खरा त्रास!

"जिवंत?"

"हो."

"जिवंत प्राण्याचं तिकीट लागते, म्याडम. किती हायेत?"

मी डोळ्यांनी खुणावलं, सहा म्हणा, सहा. मॅडमनी चष्मा सारखा केला. "तसे तुकडे सहा. पण एकेका तुकड्यात शेकडो प्राणी असतात. सगळे मिळून काही हजार तरी धरा."

कंडक्टरने तिकिटाची पेटी बंद केली, डब्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"मंग तुमी असं करा, म्याडम. हे गाडी त्यायलेच राहू द्या. आमी उतरतो!"

* * *

प्रवाळ कायद्याने संरक्षित. ज्या यादीत वाघ, त्याच यादीत हे. त्यामुळे टाकीची नोंद करायला वनखात्याचे गार्ड राठोड आले. उंच, पिळदार मिशा, सगळी नोकरी जंगलात गेलेली. वाघाच्या बरोबरीचा प्राणी पाहायचा म्हणून बूट पुसून आले होते. टाकीत डोकावले. मग टाकीच्या मागे जाऊन पाहिलं.

"कुठं हाये?"

"हे काय, समोर."

"हे तं गोटे हायेत!"

भगतभाऊंनी भिंग दिलं. राठोड पाच मिनिटं वाकून राहिले. उठले तेव्हा आवाज खाली आला होता. "तोंडं हायेत बाप्पा याले."

मग फॉर्म निघाला. नर किती? मॅडम म्हणाल्या, यांच्यात एकाच प्राण्यात दोन्ही. मादी किती? तेच. वय? "तुकडा नवा आहे, पण ज्या वस्तीतून तोडला ती आपल्या आजोबांपेक्षा जुनी असेल." पिंजऱ्याचं माप? पळून जाण्याची शक्यता? राठोडांनी रुमालाने मान पुसली.

"म्याडम, वाघाचा फॉर्म भरून चहा पिऊन मी घरी जातो. याच्यासाठी दुसऱ्या दिवशी या लागते!"

आणि खरंच दुसऱ्या दिवशी आले.

* * *

आमच्या ऑफिसातल्या मोठ्या बाबूंना बातमी लागली की सायन्सवाल्यांकडे पोवळं आलंय. त्यांच्या मुलीचा मंगळ कडक होता आणि लग्न जुळत नव्हतं. एका दुपारी ते लॅबमध्ये आले आणि अंगठीपुरता तुकडा मागू लागले. अगदी एवढुसा!

मॅडमनी समजावलं की अंगठीतलं पोवळं वेगळ्या जातीचं, आणि हे दिलं तर आपण सगळे जेलमध्ये जाऊ. बाबू काही हलेनात.

भगतभाऊ काच पुसता पुसता म्हणाले, "बाबूसाहेब, याच्यापासी कायले मांगता? याचाच मंगळ केवढा कडक हाये! समुद्र सोडून बाभुळगावले आलं!"

* * *

पहिला उन्हाळा तोंडावर आला तेव्हा मॅडमनी बी.एस्सी.च्या पोरांना ब्लीचिंग समजावून सांगितलं. प्रवाळाच्या अंगात बारीक शेवाळं राहतं. ते उन्हावर स्वयंपाक करतं आणि घरमालकाला जेवू घालतं. प्रवाळाचा रंगही त्याचाच. पण पाणी जास्त तापलं की या भाडेकरूचा स्वयंपाक बिघडतो आणि घरात विषारी धूर होतो. मग प्रवाळ त्याला हाकलून देतं. रंग जातो, अंग पारदर्शक होतं, आतला पांढरा सांगाडा दिसतो. आणि घरमालक उपाशी!

शेवटच्या बाकावर बसून मी पेपर तपासत होतो. मॅडमनी विचारलं, "तर मग प्रवाळ पांढरं झालं याचा अर्थ काय?"

बोरी अरबची मंगला उठली. घरी चार एकर कापूस, नोव्हेंबर-डिसेंबर अख्खा शेतात काढून आलेली पोरगी.

"मॅडम, पांढरं झालं म्हंजे वेचाले आलं!"

वर्ग पोट धरून हसला. मॅडमही हसल्या. मग हसता हसता थांबल्या आणि म्हणाल्या, "बस मंगला. तुझ्याकडे पांढरं होतं ते पिकतं. माझ्याकडे पांढरं होतं ते भुकेलं असतं." त्या वर्षी पांढरं झालेलं पीक घरात पडून होतं आणि भाव नव्हता. मंगला मात्र त्या दिवसापासून टाकीची ड्यूटी मागून घेऊ लागली.

* * *

आता तुम्ही म्हणाल, चव्वेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीत पाणी अठ्ठावीसवर ठेवायचं कसं? तर बाभुळगावची हवा कोरडी. ओल्या बारदानाचा पडदा, त्यावर पंखा, आणि पाण्याच्या तोंडावरून वाहती हवा. पाणी उडतं, उरलेलं गार होतं. मॅडम म्हणायच्या, "रत्नागिरीला हे जमलंच नसतं. तिथल्या दमट हवेत बारदान वाळतच नाही!" त्यांना आमच्या गावाचं काही आवडलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

पण पाणी उडालं की भरही घालावी लागते. एका सुटीत ते काम माझ्याकडे आलं. समुद्राचं पाणी उडालं, म्हणजे समुद्राचंच घालायला हवं, या हिशेबाने मी चार दिवस रोज मीठ कालवून ओतलं. पाचव्या दिवशी भगतभाऊंनी क्षारता मोजली आणि आकडा मला दाखवला.

"सर, तुमच्या घरी वरण आटलं तं वहिनी काय टाकते?"

"पाणी."

"मीठ नाई टाकत?"

"छे, खारट होईल की!"

"मंग याच्यात काहून टाकलं?"

माझ्या दारावर 'प्राध्यापक' अशी पाटी होती. त्या दिवशी ती मला फार मोठी वाटली.

* * *

नेमक्या त्याच दिवशी कापसाच्या संकटावर बातमी करायला दिल्लीहून एक पत्रकार आला. कॉलेजच्या पोरांशी बोलावं म्हणून गेटातून आत आला, तर समोर दोन बादल्या घेऊन घाईघाईने निघालेले भगतभाऊ.

"भाईसाहब, यहाँ की सबसे बड़ी समस्या क्या है?"

भगतभाऊंच्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. "पानी में नमक बढ़ गया, साहब!"

"कब से?"

"चार दिन से!"

"और प्रशासन क्या कर रहा है?"

भगतभाऊंनी माझ्या खिडकीकडे हात केला. "उन्होंनेच तो डाला!"

पत्रकाराने वही मिटली आणि तो तसाच परत फिरला. बातमी कुठे आली नाही. पण पुढचा आठवडाभर कॉलेजात पोरं मला बघून "प्रशासन आलं बे" म्हणायची!

* * *

मार्च आला की मॅडम तीन तुकडे वेगळ्या काचेत ठेवायच्या. पाणी रोज थोडं गरम, काही दिवसांनी परत गार, मग पुन्हा गरम. भगतभाऊ त्याला शाळा म्हणायचे. शाळेत जाणारे तीन आणि न जाणारे तीन. "म्याडम, शाळेतल्यायची आज सुटी हाये का?"

त्याच दिवसांत प्रॅक्टिकलची परीक्षा. अमरावतीहून आलेले परीक्षक जरा तापटच. तोंडी परीक्षेत त्यांनी मंगलाला विचारलं, "प्रवाळ उष्णतेपासून स्वतःचं रक्षण कसं करतं?"

मंगला गडबडली. पुस्तकातलं सगळं विसरली. शेवटी तिला टाकीवर जे दिसायचं तेच तिने सांगितलं. "सर, ते दुपारी भायेर नाई निघत."

परीक्षक लालबुंद झाले. "हे काय माणूस आहे का?"

मॅडम शेजारीच बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं. पुष्कळ जाती भर उजेडात तोंडं आत ओढून घेतात आणि अंधार पडला की बाहेर काढतात. हिने पुस्तक नाही वाचलं, प्राणी वाचलाय."

परीक्षकांनी मार्क दिले आणि घड्याळ पाहिलं. दोन वाजले होते, बाहेर ऊन मी म्हणत होतं. त्यांची गाडी तीनची.

"मी पाचच्या गाडीने जातो," ते म्हणाले. "प्रवाळाचं ऐकलेलं बरं!"

* * *

दुसऱ्या एप्रिलात टाकीचा पंखा जळाला. नवीन येईपर्यंत काय? प्राचार्य मीटिंगहून परत आले तर केबिनमधला कूलर गायब! पाण्याच्या ओघळाचा माग काढत ते थेट लॅबमध्ये. कूलर टाकीच्या तोंडाशी मजेत घरघरत होता.

"भगत! माझा कूलर?"

भगतभाऊ उठून उभे राहिले. "सर, तुमाले घाम येते. याले येत नाई."

प्राचार्य वाकून टाकीत डोकावले. मग लॅबमधलंच एक स्टूल ओढून टाकीशेजारी बसले आणि महिनाभर कॉलेजचा कारभार तिथूनच चालला.

* * *

आता शेवटचा. हा सांगताना मी स्वतःच्या बाजूने काहीही बोलणार नाही.

मे संपत आला होता. पंधरा दिवस काढले की दुसरा उन्हाळा पार. मॅडम वडिलांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रत्नागिरीला गेल्या. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "सर, सांभाळा. एवढंच राहिलंय." चार्ज माझ्याकडे.

तिसऱ्या दिवशी विजेची डीपी जळाली. लोडशेडिंगची सवय होती, पण हे सलग दोन दिवस चाललं. भगतभाऊ, मंगला आणि आणखी दोन पोरं पाळीपाळीने पुठ्ठ्याने वारा घालत होती आणि बारदानं भिजवत होती. तरी पाणी तेहतिसावर गेलं. लाइट आली, पाणी उतरलं, पण पुढच्या दोन-तीन दिवसांत रंग उतरत गेला. शाळेतले तीन जरा फिके पडले, तांबूस मात्र राहिले. न शिकलेले तीन पांढरेशुभ्र! तोंडं मिटलेली, हालचाल नाही.

मॅडमना फोन लावला तर लागेना. परवानगीच्या कागदात अट होती, प्राणी दगावल्यास चोवीस तासांत कळवावे. मी घाबरलो. ब्लीचिंगची थिअरी मलाही ठाऊक होती, पण डोळ्यांसमोर तीन हाडं दिसत होती. मी पत्र लिहिलं. 'तीन नग मृत.' मॅडमची सहा वर्षं मी एका ओळीत संपवत होतो. पण लिहिलं.

राठोड आले. बूट पुसलेले, चेहरा पडलेला. टेबलाशी बसून त्यांनी पंचनामा लिहिला. जागा, वेळ, टाकीचं वर्णन, 'तीन प्राणी मयत स्थितीत आढळून आले.' पंच म्हणून कॅन्टीनवाले शेंडेकाका आणि भगतभाऊ. शेंडेकाकांनी सही ठोकली. भगतभाऊंनी कागद घेतला, उभ्याने वाचला, परत वाचला आणि टेबलावर ठेवला.

"म्या सही नाई करत."

"काहून?" राठोड म्हणाले.

"माह्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली तवा अंगठेबहाद्दर होता. मंग म्हातारपणी अक्षर शिकला. मले एकच सांगून गेला, जे खरं वाटत नाई त्याच्याखाली नाव लिहाचं नाई. हे मेलं नाई."

मी म्हणालो, "भगतभाऊ, मी प्राणिशास्त्राचा प्राध्यापक म्हणून सांगतो..."

"सर, तुमी गांडुळाचे मास्तर. बसा." मग राठोडांकडे वळून म्हणाले, "साहेब, तुमी जंगलात मेलेलं जनावर कसं हुडकता?"

"वासावरून."

"घ्या मंग वास."

राठोडांनी टाकीवर नाक नेलं. शेंडेकाकांनी नेलं. मीही नेलं. नुसता खारट वास. तीन दिवसांचं मढं असतं तर लॅबमध्ये उभं राहवलं नसतं.

"पन जिवंत हाये, हे कशावरून?" राठोड म्हणाले. "कागदावर मले काहीतरी ल्याहा लागन."

भगतभाऊंनी कपाटातून काळा पडदा काढला आणि टाकीवर टाकला. खिडक्या लावल्या. बाटलीत त्यांनी कोळंबीसारख्या बारीक किड्यांची अंडी रोज उबवायला ठेवलेली असत. ती बाटली आणि ड्रॉपर घेतला.

"थांबा आता. अंधार पडला असं वाटू द्या त्यायले."

आम्ही चौघं मोठी माणसं भर सकाळी अंधारात घाम पुसत उभे. पंधरा मिनिटं गेली, वीस गेली. मंगला दारात उभी राहून ओढणीचं टोक चावत होती. मग भगतभाऊंनी पडद्यात हात घालून ड्रॉपर दाबला आणि राठोडांना भिंग दिलं. छोटा टॉर्च लावून, जुन्या फोटोग्राफरसारखं पडद्यात डोकं घालून राठोड वाकले.

बराच वेळ नुसती त्यांची पाठ दिसत होती.

मग आतून आवाज आला. "ओ बाप्पा!"

"काय झालं?"

"बोटं काढली त्यानं! बारीक बारीक... काचीसारखी! धरलं! धरलं ना बे त्यानं! हे पाहा, तोंडात नेऊन राह्यलं!"

मंगला रडायलाच लागली. शेंडेकाकांनी डोकं घातलं, मी घातलं. पांढऱ्या हाडावर काचेसारखी इवली तोंडं उघडली होती आणि भाडेकरूवाचून, स्वतःच्या हाताने, ती जेवत होती. तिन्ही तुकडे!

पडदा काढल्यावर राठोड खुर्चीत बसले आणि त्यांनी पंचनामा पुढे ओढला.

"आता हो?" मी म्हणालो. "तो शब्द खोडून टाका ना."

"पंचनाम्यात खाडाखोड चालत नाई, सर. एका पंचाची सही झाली." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "जे पाह्यलं ते खालती वाढवता येते."

त्यांनी सावकाश एक ओळ लिहिली. भगतभाऊंनी कागद घेतला, उभ्याने वाचला, परत वाचला आणि वळणदार अक्षरात पूर्ण नाव लिहून सही केली. मग कागद माझ्याकडे दिला.

'तदनंतर वर नमूद तिन्ही मयत सकाळी साडेअकरा वाजता पंचांसमक्ष पोटभर जेवले.'